इंदूरच्या रस्त्यांना बायकांची नावं किती, मोजायचं कसं

आधीच सांगते, नुसता मॅप बघून बोटांवर मोजू नका, मी तसंच केलं आणि सपना-संगीता रोड दोन बायकांच्या नावावर धरून बसले, ते टॉकीजचं नाव निघालं!

ओव्हरपास टर्बो म्हणून साइट आहे, फुकट, ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनीच भरलेला, कोणीही सुधारू शकेल असा नकाशा) डेटा देते. इंदूरवर झूम करा, नाव असलेले सगळे रस्ते मागा, एक्सपोर्ट करून शीटमधे घ्या. एकच रस्ता दहा तुकड्यांत येतो आणि स्पेलिंगही तऱ्हेतऱ्हेची, त्यामुळे डुप्लिकेट हातानेच काढावी लागतात, चहा घेऊन बसा.

मग रकाने करा, खरी कटकट इथेच आहे. पुरुष, स्त्री, देव-देवी, बाकी, आणि एक "माहीत नाही", तो भरायला लाजू नका. अन्नपूर्णा रोड मंदिरामुळे, म्हणजे देवीत, तो स्त्रीत टाकला की आकडा उगाच फुगतो. एम जी रोड, आर एन टी मार्ग बघून हात आपोआप "बाकी"कडे जातो, पण त्या अक्षरांमागे गांधी आणि टागोर आहेत. कृष्णपुरा देवात टाकायच्या आधी थांबा, तिथे कृष्णाबाई होळकरांची छत्री, म्हणजे स्मारक, आहे. आणि महाराणी रोडचं काय करायचं? बाई आहे पण नाव नाही, नुसती पदवी. मी स्त्रीतच धरला पण शेजारी "नाव नाही" असा शेरा मारला, तुम्हीही मारा, नंतर कोणीतरी विचारतंच.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. आपल्याकडे बायकांची नावं रस्त्यांपेक्षा मोहल्ल्यांत सापडतात, स्नेहलतागंज, मनोरमागंज, आणि रस्त्यांच्या यादीत ती येतच नाहीत, त्यामुळे मोहल्ल्यांची यादी वेगळी काढायची आणि वेगळीच मोजायची, मिसळायची नाही. मावशी मनोरमागंजात तीस वर्षं राहतेय, तिला विचारलं मनोरमा कोण, तर म्हणाली "असेल गं होळकरांकडची कोणी, तू जेव आधी".

नुसती संख्या नको, लांबीपण मोजा, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधे होते, नाहीतर एखादी गल्ली आणि अख्खा जवाहर मार्ग सारखेच धरले जातात.

शेवटी, ज्या नावाची पक्की खात्री आहे तेवढंच ओपनस्ट्रीटमॅपवर नावाच्या व्युत्पत्तीच्या टॅगमधे विकिडेटाच्या (विकिपीडियाच्या भावंडातली माहितीची यादी, तिथे प्रत्येक व्यक्तीला एक नंबर असतो) नंबरासकट भरून टाका, म्हणजे पुढच्याला परत सपना-संगीतापासून सुरुवात करायला नको.