रोहूचे प्रायमर महसीरवर लावताना

रोहूसाठी बनवलेले मायक्रोसॅटेलाइट प्रायमर (डीएनएतले छोटे, पुन्हापुन्हा येणारे तुकडे गाठून त्यांच्या प्रती काढायला वापरतात ते डीएनएचे आखूड धागे) महसीरवर चालतात का, हे बघण्यात गैर काही नाही. पैसे वाचतात, आणि दोन्ही मासे कार्पच्याच कुळातले असल्याने काही प्रायमर खरंच लागतात. पण जेलवर बँड आला, प्रती निघाल्या, म्हणजे मार्कर (माशामाशातला फरक दाखवणारी खूण) मिळाला, असं समजू नका.

माझे सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते नल अ‍ॅलीलने, म्हणून त्यावरच सविस्तर लिहितेय. अ‍ॅलील म्हणजे डीएनएच्या एकाच जागेचं एक रूप; नल म्हणजे असूनही चाचणीत न दिसणारं. प्रायमर रोहूच्या क्रमावर बेतलेला असतो. महसीरमध्ये तो जिथे चिकटायचा तिथे एखादा बेस बदललेला असला, त्यातही प्रायमरच्या ३' टोकाशी (जिथून प्रत वाढत जाते), तर तो अ‍ॅलील पीसीआरमध्ये (प्रती काढण्याच्या प्रक्रियेत) वाढतच नाही. मासा असतो १८०/१८४ (आई-बापाकडून आलेल्या दोन अ‍ॅलीलची लांबी), आपण लिहितो १८०/१८०. असे मासे साठले की हेटेरोझायगोट (दोन वेगळे अ‍ॅलील असलेले मासे) कमी दिसतात, एफआयएस (ही तूट मोजणारा आकडा) चढतो आणि प्रबंधात ‘अंतःप्रजनन’ येतं. नदीत तसं काहीच घडलेलं नसतं! हॅचरीत पिल्लाचा बाप शोधताना तर खरा बापच बाद होतो: तो १८०/नल, पिल्लू १७६/नल, आणि कागदावर १८०/१८० विरुद्ध १७६/१७६.

अंतःप्रजनन असेल तर त्याचा ठसा सगळ्याच लोकसवर (डीएनएवरच्या तपासलेल्या जागांवर) पडतो. तूट एकदोन लोकसवरच असेल, किंवा चांगल्या डीएनएचे मासेही तिथे पुन्हापुन्हा कोरे येत असतील, तर संशय प्रायमरवर घ्या. मायक्रो-चेकर हे सॉफ्टवेअर नल अ‍ॅलीलचा इशारा देतं, पण दोन वेगळे समूह एकत्र मोजले तरीही तूट दिसतेच. अ‍ॅनीलिंगचं तापमान (ज्यावर प्रायमर चिकटतो) दोनतीन अंश उतरवून तेच होमोझायगस (दोन्ही अ‍ॅलील सारखे दिसलेले) मासे परत चालवा. मग सिक्वेन्सिंग करून महसीरचाच प्रायमर बनवा. ‘सॉफ्टवेअरने दुरुस्त करून घेऊ’ हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही.

आणखी एक. रोहूची गुणसूत्रं ५०, महसीरची १००. म्हणजे एकाच जागेच्या दोनाहून जास्त प्रती असू शकतात, त्यामुळे एकाच माशात तीन-चार शिखरं (आलेखावर प्रत्येक अ‍ॅलीलचं एक) दिसू शकतात. ती ओढूनताणून दोनात बसवू नका, तो लोकस सोडा. तसंच हे मार्कर रोहूत विविधता दाखवतात म्हणून निवडलेले असतात. महसीरमध्ये विविधता कमी दिसली, तर तो दोष महसीरचा असेलच असं नाही.

गाइड निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या मोजू नका. तुमच्या शेजारी बसून कच्ची शिखरं बघणारा गाइड शोधा.

आणि निम्मे प्रायमर गळाले म्हणून खचू नका, या कामात ते होतंच. न चाललेल्यांचाही तक्ता प्रबंधात द्या. पुढच्या मुलीला तेच प्रायमर पुन्हा मागवावे लागणार नाहीत.