गुडघेदुखीसाठी सुईतून करंट घेणार असाल तर हे वाचून जा

इलेक्ट्रो-अॅक्युपंक्चरला, म्हणजे सुया टोचून त्यांतून हलका करंट सोडतात त्या उपचाराला जाताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, करंट किती सोडायचा ते तुमच्या सांगण्यावर ठरतं. दात आवळून सहन केलं की जास्त गुण येतो हे साफ चुकीचंय.

जायच्या आधी: पेसमेकर असेल तर हा प्रकार नकोच. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील, फिट येत असतील किंवा दिवस गेलेले असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि सुया टोचणाऱ्याने विचारलं नाही तरी त्यालाही सांगा. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे, त्यामुळे रजिस्ट्रेशन आहे का हे बिनधास्त विचारा, त्यात लाजायचं काय. आणि सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोरच फोडायला लावा.

सुया केसासारख्या बारीक असतात, गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही बाजूंना जे खड्डे लागतात तिथे बहुतेक वेळा टोचतात, मग त्यांना छोट्या क्लिपा लावून वायर मशीनला जोडतात. आता नीट लक्ष द्या. २ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला करंटचे दोन ठोके, स्नायू ठुकठुक उडतो, १०० हर्ट्झला नुसती झिणझिण होते. चीनमधले संशोधक हान जिशेंग यांच्या टीमने दाखवलं की कमी फ्रिक्वेन्सीला शरीर एन्डॉर्फिन-एन्केफॅलिन सोडतं आणि १०० ला डायनॉर्फिन, म्हणजे वेदना दाबणारी आपलीच रसायनं, म्हणून बऱ्याच ठिकाणी २ आणि १०० आलटून पालटून देतात, तिथल्या मशीनवर ती सोय आहे का विचारा.

करंट शून्यापासून हळूहळू वाढवायला सांगा, ठळक जाणवला पाहिजे पण दुखता कामा नये, जिथे चटका किंवा कळ आली तिथे लगेच "कमी करा" म्हणा. दहाएक मिनिटांनी सवय होऊन जाणवेनासं होतं तेव्हा किंचित वाढवून घ्यायचा. साधारण २०-३० मिनिटं चालतं, मध्ये पाय हलवू नका, सुई वाकते.

झीज याने भरून येत नाही हो, आणि गुडघ्यावरच्या अभ्यासांचे निकालही सगळे एकसारखे नाहीत, काहींना बराच आराम पडतो काहींना फारसा नाही. पण दुखणं कमी असतं तेवढ्या वेळात मांडीचे व्यायाम करून घ्या, खरा फायदा तिथे आहे.

घरी आल्यावर बारीकसा निळा डाग दिसला तर घाबरू नका. गुडघा गरम होऊन सुजला किंवा ताप आला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.