बाहेर बर्फाचं वादळ, सुईत राणी रंग

बर्फाच्या वादळाचा इशारा आला की लोक आधी मेणबत्त्या शोधतात. मी सुया शोधते. गोठणारा पाऊस हा प्रकार हिमवर्षावापेक्षा वाईट. वरच्या उबदार हवेतून तो पाणी म्हणूनच खाली येतो, जमिनीलगतच्या शून्याखालच्या हवेत थंडगार होतो आणि फांदीला, तारेला टेकताक्षणी त्याचा बर्फ होतो. त्या वजनानं फांद्या मोडतात, तारा तुटतात, वीज जाते. म्हणजे भरतकामातलं उजेड लागणारं काम वीज असतानाच उरकायला हवं. टाके नंतरही घालता येतात. नक्षी उतरवणं, रंग निवडणं आणि सुई ओवणं मात्र अंधुक उजेडात जमत नाही.

सुरुवात रंगांपासून करा, आणि तीही दिवसा. पिवळट दिव्याखाली गडद निळा आणि काळा एकच दिसतात, फिकट पिवळा पांढऱ्यात विरून जातो. खिडकीपाशी बसून धाग्याच्या लड्या टेबलावर पसरा. बाहेर सगळं करडं आणि पांढरं असताना डोळा रंगाला भुकेलेला असतो, तेव्हा कंजूषपणा नको: राणी, शेंदरी, हळदी, मोरपंखी, पोपटी. पण पाचही रंग ओरडायला लागले तर कुणाचंच ऐकू येत नाही, म्हणून आमसुली किंवा राखाडीसारखा एक गप्प रंग सोबत घ्या. मग डोळे बारीक करून लड्यांकडे बघा. जे दोन रंग एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतील ते शेजारी भरायचे नाहीत. दिवे गेल्यावर याच फरकाच्या भरवशावर काम करायचं असतं.

आता नक्षी. वादळात मोठं काम काढू नये असं माझं ठाम मत आहे. तळहाताएवढं फूल, एखादा पक्षी, दोन वेली पुरेत. कागद खिडकीच्या काचेला लावून त्यावर कापड धरायचं आणि गिरवायचं, ही नेहमीची युक्ती. पण या दिवसांत काचेवर आतून दव धरतं. पाण्यानं पुसली जाणारी शाई असेल तर नक्षी तिथल्या तिथे पसरेल, म्हणून काच आधी कोरडी पुसा. इस्त्रीच्या उष्णतेनं नाहीशी होणारी जी पेनं मिळतात, त्यांची गंमत वेगळीच. ती शाई गरमीनं अदृश्य होते, पण कडक थंडीत, शून्याच्या दहा-वीस अंश खाली, पुन्हा उगवते. असं भरलेलं कापड रात्रभर गाडीत राहिलं की पुसलेल्या रेघा परत हजर! मी सरळ साधी पेन्सिल वापरते, हलक्या हातानं, आणि रेघ टाक्याखाली झाकून टाकते.

धागा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर कापा. त्याहून लांब धागा कापडातून जाऊन जाऊन झिजतो, गुंततो. सहा पदरी धाग्यातले पदर एकेक करून वर ओढून सुटे करा आणि हवे तेवढे पुन्हा जुळवा. दोन पदर बहुतेक ठिकाणी पुरतात, जाड रेघेला तीन. मग प्रत्येक रंगाच्या दोन-तीन सुया ओवून एका जाड कापडाच्या तुकड्यात ओळीनं टोचून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण अंधारात नेढं शोधत बसण्यापेक्षा बरं.

वीज गेली की बॅटरीचा दिवा सुईच्या हाताच्या विरुद्ध बाजूला ठेवा, म्हणजे आपल्याच हाताची सावली टाक्यावर पडत नाही. कपाळाला बांधायचा दिवा असेल तर उत्तमच. मेणबत्तीजवळ भरतकाम करू नका. सुटे धागे, सैल बाह्या आणि ज्योत यांची संगत वाईट.

अशा वेळी साखळी टाका सगळ्यात चांगला. सुई खालून वर काढा, धागा अंगठ्यानं दाबून धरा, सुई त्याच भोकात परत घाला आणि तीन-चार मिलिमीटर पुढे तिचं टोक वर काढा. धागा टोकाखाली आला आहे ना बघा, मग ओढा. कडी अलगद बसली पाहिजे. जोर केला की कापड चुण्या धरतं. पुढची कडी आधीच्या कडीच्या पोटातून निघते, त्यामुळे मापून बघावं लागत नाही. चार-सहा कड्या झाल्या की हाताला ताल सापडतो, आणि बाहेर फांद्या कडाडत असल्या तरी लक्ष पुढच्या कडीवर राहतं. बाहेरच्या कडेपासून आत वळत वळत गेलात तर अख्खी पाकळी याच टाक्यानं भरते. फुलाच्या मध्याला गाठीचे टाके: सुईला धाग्याचे दोन वेढे, धागा ताणलेला, आणि सुई जिथून वर आली त्याच भोकात नव्हे तर अगदी शेजारी खाली. सॅटिन टाका, म्हणजे एकमेकांना लागून घातलेले सरळ टाके, मात्र उजेड परत येईपर्यंत राहू द्या. त्यात रेघ जराशी कलली तरी दिसते, आणि गारठलेली बोटं कलतातच.

बोटांसाठी पुढून कापलेले हातमोजे घाला, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घ्या. कोरड्या हवेत कातडी खरखरीत होऊन धागा अडकतो. हाताला मलम जरूर लावा, पण ते पूर्ण मुरल्याशिवाय कापडाला हात लावू नका, तेलकट डाग पडतो. धागा पिळ धरायला लागला की कापड उलटं धरून सुई मोकळी लोंबकळू द्या, पिळ आपोआप सुटतो. मधूनमधून मान वर करून लांब बघा. झोपण्यापूर्वी कापड ताणून धरणारी रिंग काढून ठेवा, नाहीतर तिचा वळ कापडावर उठतो.

धुण्याची घाई नको. लाल आणि राणी धाग्याचा रंग कधीकधी जातो. ओल्या पांढऱ्या चिंधीत त्याच लडीचा तुकडा दाबून बघा. चिंधी रंगली तर भरलेलं कापड थंड, वाहत्या पाण्याखाली धरा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत वाळू देऊ नका. इस्त्री टॉवेलवर, कापड पालथं घालून. सरळ बाजूनं फिरवली तर गाठी चपट्या होतात.