परदेशी निघण्याआधी नाशिकचं घर बंद करताना

सुरुवात फ्रिजपासून, तीही दोन दिवस आधी. शेवटच्या संध्याकाळी बसलात तर बर्फ वितळून ओट्यापर्यंत पाणी येतं. फ्रिज रिकामा करून प्लग काढा, आतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा आणि दाराच्या फटीत घडी घातलेला नॅपकिन अडकवा. दार गच्च लावलं तर रबरावर काळी बुरशी धरते, ती नंतर निघत नाही.

सिलिंडरचा रेग्युलेटर नुसता बंद करू नका. काढून तोंडावर टोपी बसवा. पाण्याचा मेन कॉक बंद करून नळ एकदा उघडा, पाइपातलं पाणी जाऊ दे. न्हाणीच्या जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडंतेल ओता. तेलाने पाणी सावकाश आटतं, म्हणून झुरळं आणि वास वर येत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरा. महिन्यातून एकदा शेजारच्या काकूंना चार्जिंगला लावायला सांगा, नाहीतर ती मरते.

बॅग दोघांची मिळून भरा, म्हणजे एक हरवली तरी दोघांनाही कपडे राहतात. काळा मसाला दुहेरी पिशवीत, तोंडाला टेप. सुकं खोबरं मात्र घरीच ठेवा, चेक-इन सामानात ते चालत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. चिवडा निघायच्या आदल्या दिवशीच आणा, लवकर आणला तर घरातच संपतो.

मुंबई विमानतळ गाठायला पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटासाठी दोन तास जास्तीचे धरा.