घोट्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाल्यावर घरी घ्यायची काळजी

पाय आतल्या बाजूला मुरगळून घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा, फाटणे ही कोल्हापुरात फुटबॉल आणि कुस्ती खेळणाऱ्यांना नेहमी होणारी दुखापत आहे. बहुतेकांचे लिगामेंट शस्त्रक्रियेविना भरून येते. मात्र घोटा वारंवार लचकू लागला, तर ते ताणून पुन्हा हाडाला शिवावे लागते. स्वीडिश शल्यविशारद ब्रोस्ट्रॉम यांनी 1966 साली मांडलेली पद्धत थोड्या फरकाने आजही वापरली जाते. वेदना काही आठवड्यांत ओसरते, पण शिवलेले लिगामेंट पक्के व्हायला महिने लागतात, म्हणून दुखणे थांबल्यानंतरच पाय अधिक जपावा लागतो. येथे दिलेले कालावधी सर्वसाधारण आहेत. आपल्या सर्जननी वेगळे सांगितले असल्यास तेच पाळावे.

शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वीच घर लावून घ्यावे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या वस्तीत जिने अरुंद आणि उभे असतात, उंबरे उंच असतात. तेव्हा अंथरूण खालच्या मजल्यावर आणावे आणि वाटेतली पायपुसणी, चटया व वायरी उचलून ठेवाव्यात. उकिडवे बसणे शक्य नसल्याने कमोडची खुर्ची लागते आणि ती भाड्यानेही मिळते. अंघोळीसाठी मोरीत प्लास्टिकचे पक्के स्टूल ठेवावे, प्लास्टरवर पिशवी घट्ट बांधावी आणि पाय पाण्याच्या धारेबाहेर ठेवावा. पावसाळ्यात कुबडीची रबरी टोपणे दारातच पुसून घ्यावीत, कारण ओल्या फरशीवर ती हमखास घसरतात.

पहिले दोन आठवडे पाय टेकायचा नसतो. खुर्चीवर बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवणे पुरेसे नाही. आडवे होऊन पोटरीखाली उशा रचाव्यात आणि घोटा छातीपेक्षा उंच राहील असे पाहावे. पाय खाली सोडताच बोटे जांभळट होऊन ठणकतात, त्याने घाबरून जाऊ नये; पाय वर घेतल्यावर रंग पूर्ववत होतो. पाय बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा परिणाम बऱ्याचदा रात्री उतरतो, म्हणून ठणका सुरू होण्याची वाट न पाहता सांगितलेली गोळी जेवणानंतर वेळेवर घ्यावी. कुबडीचा भार काखेत नव्हे, तळहातांवर घ्यावा. काख आणि कुबडी यांत दोन-तीन बोटे अंतर हवे. जिना चढताना आधी चांगला पाय वर ठेवावा, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय खाली न्यावा.

पोटरी दुखून घट्ट होणे, पाय वर ठेवूनही सूज वाढणे, ताप, जखमेतून पू किंवा बोटे थंड व फिकी पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तडक रुग्णालय गाठावे. तंबाखू आणि सिगारेट या काळात पूर्ण बंद ठेवावी, कारण त्यांमुळे जखमेला होणारा रक्तपुरवठा घटतो.

साधारण दहा ते चौदा दिवसांनी टाके निघतात, मग घोटा स्थिर धरणारा, डॉक्टरांनी दिलेला उंच बूट घालून हळूहळू भार द्यायला सुरुवात होते. खरा धोका येथून पुढे आहे. तालमीतली माणसे मायेपोटी पाय चोळून द्यायला येतात, पण घोटा आत वळवून केलेली मालिश म्हणजे शिवलेल्या जागेलाच दिलेला ताण. वडीलधाऱ्यांना हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. मांडी घालून बसण्यानेही नेमके हेच होते: खालचा घोटा शरीराच्या भाराखाली आत दुमडतो. म्हणून फिजिओथेरपिस्टने परवानगी देईपर्यंत जेवायलासुद्धा खुर्चीवरच बसावे.

सहा आठवड्यांच्या सुमारास हा बूट सुटून ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टा, येतो आणि व्यायाम वाढतात. त्यांत सर्वांत मोलाचा व्यायाम दिसायला अगदी साधा असतो: भिंतीजवळ उभे राहून, गरज पडल्यास बोटांचा आधार घेऊन, दुखऱ्या पायावर तोल सांभाळायचा. लिगामेंटबरोबर घोट्याची जाणीवही, म्हणजे तो कुठे कसा वळतो आहे हे न पाहता कळणे, मंदावलेली असते आणि ती अशा सरावानेच परत येते. हा व्यायाम टाळणाऱ्यांचा पाय पुन्हा मुरगळण्याची भीती राहते. कोल्हापुरी चप्पल या काळात बाजूला ठेवावी, कारण तिला टाचेमागे पकड नसते. फीत बांधायचे बूटच वापरावेत. दुचाकीची घाई नको. सिग्नलला टेकायचा पाय अवचित मुरगळू शकतो. मैदानावर परतायला बहुधा तीन-चार महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो, आणि दुखऱ्या पायाच्या चवड्यावर चांगल्या पायाइतक्याच वेळा उठता येत नाही व एका पायावर निर्धास्त उडी मारता येत नाही, तोवर संघाने कितीही गळ घातली तरी सामन्याला होकार देऊ नये.