मेंदूचे रिअल-टाइम डिकोडिंग: प्रकाशीय हेडसेट वापरताना या चुका टाळा

व्यक्ती मनात आकडेमोड करते आहे की विश्रांती घेते आहे, यासारखी गोष्ट मेंदूच्या सिग्नलवरून त्याच क्षणी ओळखणे म्हणजे रिअल-टाइम डिकोडिंग. नोंदवून ठेवलेल्या डेटावर उत्तम अचूकता दाखवणारा प्रोग्रॅम हेडसेट प्रत्यक्ष डोक्यावर चढवताच गडबडतो, ही या विषयातली नेहमीची तक्रार आहे. बेळगाव, खानापूर किंवा निपाणी परिसरात अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय घेणाऱ्यांनी अशा वेळी लगेच मॉडेल बदलू नये, कारण दोष बहुधा त्याआधीच्या टप्प्यांत दडलेला असतो.

निअर-इन्फ्रारेड (लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाने मेंदूतील प्राणवायूची स्थिती बाहेरून पाहता येते, हे संशोधक फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवले. त्याच तत्त्वावर चालणारे हे हेडसेट चेतापेशींची वीज टिपत नाहीत. पेशी कामाला लागल्यावर तेथे वाढणारा रक्तपुरवठा टिपतात आणि तो शिखराला पोहोचायला साधारण ५ ते ६ सेकंद लागतात. सहभागीला कृतीची सूचना दिल्यानंतरच्या पहिल्याच सेकंदावरून निर्णय घेऊ पाहणाऱ्याच्या हाती गोंगाटापलीकडे काही लागत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र कोडमध्ये असते. नोंद आधी पुढून आणि मग मागून गाळणारा शून्य-फेज फिल्टर प्रत्येक क्षणाचे उत्तर ठरवताना पुढच्या क्षणांचा डेटा वापरतो, आणि तो डेटा प्रत्यक्ष वेळी उपलब्धच नसतो. संपूर्ण सत्राची सरासरी काढून सिग्नल समतल करणे, तसेच सिग्नलचे एकमेकांवर चढणारे तुकडे सरमिसळ करून प्रशिक्षण आणि चाचणी यांत वाटणे, हेही फुटलेली प्रश्नपत्रिका पाहून परीक्षेला बसण्यासारखेच आहे. दोष शोधण्याची खात्रीची रीत अशी: जुनी नोंद एकेक नमुना करून, मूळ वेगाने, त्याच रिअल-टाइम कोडमधून सोडावी. अचूकता येथेच कोसळली, तर हेडसेटला बोल लावण्याचे कारण उरत नाही.

अचूकता येथे कायम राहिली आणि डोक्यावरच घसरली, तर संपर्क तपासावा. चापून तेल लावलेल्या केसांत सेन्सर घसरतो, दाट काळे केस बराच प्रकाश शोषून घेतात आणि कपाळावरची टिकली किंवा गंधाचा थर नेमका सेन्सरखाली येतो. तो पुसण्याआधी अर्थातच परवानगी घ्यावी. केस बाजूला सारून त्वचा मोकळी करावी आणि खिडकीतल्या उन्हापासून वाचण्यासाठी वर गडद टोपी घालावी. कच्च्या सिग्नलमध्ये सुमारे १ हर्ट्झची (सेकंदाला एक ठोका) नाडी स्पष्ट दिसत नसेल, तर त्या चॅनेलवर (प्रकाशस्रोत आणि प्रकाश टिपणारा डिटेक्टर यांच्या जोडीवर) विसंबू नये.

नाडी दिसली म्हणजे मेंदूच दिसतो, असेही नाही. प्रकाशस्रोत आणि डिटेक्टर यांत सुमारे ३ सेंटिमीटर अंतर असलेल्या चॅनेलमध्ये टाळूच्या त्वचेतील रक्तही मोजले जाते, म्हणून सुमारे ८ मिलिमीटरचे आखूड चॅनेल जोडून तो भाग वजा करावा. रक्तदाबाच्या संथ लाटा ०.१ हर्ट्झच्या (दहा सेकंदांत एक) आसपास असतात. ५ सेकंद कृती आणि ५ सेकंद विश्रांती असा ठरावीक क्रम नेमका त्यांच्यावरच बसतो, तेव्हा विश्रांतीचा काळ कमी-जास्त ठेवावा.

आपल्या सीमाभागात आणखी एक बाब दुर्लक्षित राहते. घरी मराठी बोलणारा सहभागी मनातल्या मनात आकडेमोड कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, तर कधी इंग्रजीत करतो. प्रशिक्षणाच्या वेळी एक आणि चाचणीच्या वेळी दुसरी भाषा वापरली गेली, तर कृतीच बदलण्याचा धोका असतो. भाषा आधी ठरवून सूचनेत स्पष्ट सांगावी.

शेवटी निकालाचा हिशेब. दोन पर्यायांच्या २० स्वतंत्र प्रयत्नांत १४ किंवा त्याहून अधिक बरोबर येण्याची शक्यता निव्वळ अंदाजानेही सुमारे ६ टक्के असते, त्यामुळे ७० टक्क्यांचा तो आकडा अहवालात मिरवण्याजोगा नाही. ४० प्रयत्नांत २८ बरोबर आले, तर तीच शक्यता १ टक्क्याच्या खाली जाते.