पावसात गाडी गरगर फिरतेय? स्पाच्या ओल्या ट्रॅकवर या चुका टाळा

असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने या कार रेसिंगच्या गेममध्ये बेल्जियमचा स्पा ट्रॅक निवडायचा, पाऊस मध्यम ठेवायचा आणि ला सूर्सचं हेअरपिन वळण संपतंय तोच नेहमीसारखा थ्रॉटल (एक्सिलरेटर) दाबायचा. क्षणात गाडीचं तोंड आल्या वाटेकडे! पहिल्या संध्याकाळी मी हे अकरा वेळा केलं आणि दर वेळी स्टिअरिंग व्हीलला शिव्या घातल्या.

घोळ पायाचा होता. टायरची पकड एकच असते. वळणं, थांबणं आणि वेग घेणं या तिघांना ती वाटून घ्यावी लागते. कोरड्यात ती भरपूर असल्याने उधळपट्टी खपून जाते. ओल्यात स्टिअरिंग अजून वळलेलं असताना गॅस दिला, की मागची चाकं सुटलीच. म्हणून आधी स्टिअरिंग सरळ होऊ द्या, मग थ्रॉटल हळूहळू वाढवा. वळणातून एक गिअर वरचा ठेवून बाहेर पडलात तर चाकांवर जोरही कमी येतो. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे वेग घेताना चाकं सुटू न देणारी यंत्रणा, एक-दोन अंकांनी वाढवा. बहुतेक गाड्यांत आकडा वाढला की मदत वाढते. पण तेवढ्या भरवशावर पेडल जमिनीला टेकवू नका.

ब्रेक लवकर दाबा हे सगळेच सांगतात. एबीएस आहे म्हणून पेडल पूर्ण दाबून ठेवायचं आणि तसंच वळायला जायचं, ही खरी चूक. पुढची चाकं वळलेली दिसतात, गाडी मात्र सरळच जाते. ब्रेक हलका करत करत वळा. ओल्यात ब्रेक मारल्यावर भार पुढे कमी सरकतो, त्यामुळे ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकच्या जोराची वाटणी) किंचित मागे घेतलेला बरा.

आता लाइन, म्हणजे ट्रॅकवरून गाडी नेण्याची वाट. माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच जातो. जूनच्या पहिल्या सरीत दुचाकी का घसरते हे आपल्याला कुणी समजावायला नको. रस्त्यावर जे काम सांडलेलं तेल करतं, तेच ट्रॅकवर टायरचं रबर करतं. कोरड्यात ज्या लाइनवर रबर बसून पकड वाढते, तीच भिजल्यावर गुळगुळीत होते. पूहोंसारख्या लांब वळणात थोडं बाहेरून जाऊन पाहा. कर्ब (ट्रॅकच्या कडेचे उंचवटे) आणि रंगवलेले पट्टे तर विसराच. ओ रूजहून रेदियोंचा चढ चढताना आतला कर्ब घेण्याची सवय मोडायला मला आठवडा लागला.

पाऊस थांबला की गणित उलटतं. गाड्या धावून धावून लाइनवरचं पाणी हटतं, तिथे पकड परत येते. पण वेट (पावसाळी) टायर कोरड्यावर तापून झिजतात, म्हणून केमेलच्या सरळ पट्ट्यावर मुद्दाम ओल्या कडेने चालवून ते थंड ठेवा.

फॉर्म्युला वनच्या गेममधून आलेले लोक इथे इंटरमीडिएट टायर शोधत बसतात. या गेममधल्या जीटी३ वर्गाच्या गाड्यांना ते नसतात. स्लिक (कोरड्यासाठीचे, खाचा नसलेले) किंवा वेट, मधलं काही नाही. रिमझिम असेल तर स्लिकवर तग धरता येतो. पुढच्या १० आणि ३० मिनिटांचा अंदाज स्क्रीनवर दिसतो, तो पाहून ठरवा. वेटचं गरम झाल्यावरचं प्रेशर साधारण ३० पीएसआय हवं, म्हणजे स्लिकपेक्षा बरंच जास्त. टायर बदलायला पिटमध्ये शिरण्याआधी डिस्प्लेवर टायरचा प्रकार आणि प्रेशर दोन्ही तपासा. धो धो पावसात नवेकोरे स्लिक लावून बाहेर पडलेला मी एकटाच नसेन.

आणि वायपरला एखादं बटण आधीच नेमून ठेवा. काच धूसर झाली म्हणून कीबोर्ड चाचपडत मी ब्लांशिमाँच्या भरधाव वळणात शिरलो, ती माझी बारावी गिरकी.